पुई-ला-सूर्दची वर्दळ

आर्लेत ब्रोसारबाईंच्या कॅफेसमोरून जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर काही घडत नाही. हीच त्याची काय ती ख्याती. सकाळी पाववाल्या कोलेतची गाडी हॉर्न वाजवत येते, दहाच्या सुमाराला पोस्टमन येतो आणि दिवसातून केव्हातरी गास्पारचा ट्रॅक्टर जातो. बस्स, संपली वाहतूक. मधे एखादी गाय रस्त्यात बसली तर ती आपणहोऊन उठेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. गाव एकसष्ट माणसांचं, त्यातली अर्धी घराबाहेर पडत नाहीत आणि उरलेली पडून करणार काय?

गेल्या उन्हाळ्यात हॉलंडचं एक नवराबायकोचं जोडपं सायकलींवरून वाट चुकून आमच्या गावात आलं. आर्लेतबाईंनी त्यांना आम्लेट खाऊ घातलं. घरी गेल्यावर त्या माणसांनी जिल्हा कचेरीला चांगलं दोन पानी पत्र लिहिलं, की तुमच्या त्या पुई-ला-सूर्दच्या रस्त्यावर तीन तासांत आम्हाला दोन गाई, एक ट्रॅक्टर आणि एक झोपलेला माणूस एवढंच भेटलं, आणि झोपलेला माणूस ट्रॅक्टरवरच होता. असं सुख आम्ही उभ्या जन्मात पाहिलं नाही.

कचेरीला ते पत्र फार आवडलं. सायकलवाल्यांसाठी निवांत रस्त्यांचा एक लांबलचक मार्ग आखायचं त्यांच्या मनात होतंच. त्यांनी आर्लेतबाईंना कळवलं की तुमच्या रस्त्यावरची वाहनं आठवडाभर मोजू. दिवसाला पन्नासाच्या आत आली तर मार्ग तुमच्या गावावरून. नकाशात तुमच्या कॅफेवर काटा-चमच्याचं चित्र. पन्नासाच्या वर गेली तर मार्ग शेजारच्या ला-रोशवरून जाईल.

बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलं. कारण त्यांचं सगळं त्या पत्रावरच येऊन ठेपलं होतं. वय अडुसष्ट. कॅफेत दिवसभरात येणार चार गिऱ्हाइकं, त्यातलं एक मांजर. त्यांची मुलगी नादेज लिआँ शहरात सातव्या मजल्यावर राहायची आणि दर रविवारी फोनवर म्हणायची, "आई, तुझी खोली तयार आहे. खाली बागसुद्धा आहे गं." बाईंनी ती बाग खिडकीतून पाहिली होती. वरून ती हातरुमालाएवढी दिसायची. पण मुलगी मायेनं बोलवत होती, आणि रिकाम्या कॅफेत एकटीनं टेबलं पुसत बसायचं तरी किती? शेवटी बाईंनी शब्द देऊन टाकला होता, की कॅफे चालू ठेवावा असं काही कारण या मोसमात मिळालं नाही तर सप्टेंबरात कुलूप लावून येते. शब्द दिला त्या रात्री त्या खूप रडल्या. गावात मात्र कुणाला बोलल्या नाहीत. बाई मानी, कुणी कीव केलेली त्यांना खपायची नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी कचेरीचा माणूस आला. दफनभूमीच्या वळणापलीकडे, कॅफेपासून चांगलं किलोमीटरभर लांब, ला-रोशच्या बाजूला, त्यानं रस्त्यावर आडवी एक काळी रबरी नळी ठोकली, तिचं टोक खांबाला साखळीनं बांधलेल्या लोखंडी पेटीत घातलं आणि निघून गेला. चाक नळीवरून गेलं की पेटीत आकडा पडायचा. आर्लेतबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दिवसाला पन्नास? इथं महिन्याला पन्नास होताना मारामार! काटा-चमच्याचं चित्र भिंतीवर कुठं टांगायचं, इथपर्यंत त्यांचा विचार पोचला.

पण गाव म्हणजे गाव. इथं पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं पत्रसुद्धा पोस्टमननं आणलेलं असतं. पोस्टमन कोलेतला बोलला, कोलेतनं पावाबरोबर ती बातमी घरोघरी टाकली, आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत बातमीत एवढंच उरलं होतं, की सरकारनं मोजणी लावली आहे, आकडा नीट आला नाही तर आर्लेतचा कॅफे बंद आणि आर्लेत लिआँला.

आता 'आकडा नीट आला नाही' म्हणजे काय, हे आमच्या गावाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. सरकारी मोजणीचा आमच्याइतका अनुभव कुणाला नसेल. आधी आगगाडीचे उतारू मोजले, अकरा भरले, गाडी बंद. मग शाळेतली पोरं मोजली, सात भरली, शाळा बंद. मग पोस्टातली पत्रं मोजायला घेतली, तेव्हा गाव जागं झालं आणि शेवटच्या महिन्यात सगळ्यांनी एकमेकांना पत्रं लिहिली. ब्याऐंशी वर्षांच्या लेओन्तीन आजींनी एकट्या मेयरला चाळीस लिहिली, चाळीसही शिव्यांची. पण उशीर झाला होता. पोस्टही बंद झालं. सरकार मोजायला येतं ते कमी भरावं म्हणूनच येतं आणि कमी भरलं की टाळं लावतं, एवढं गावानं पक्कं ध्यानात ठेवलं होतं. या खेपेला गाफील राहायचं नाही, असं मेयर तेवनेसाहेबांनी सोमवारी संध्याकाळीच जाहीर केलं.

मंगळवारी सकाळी आर्लेतबाई दारात बटाटे सोलत बसल्या होत्या. तेवनेसाहेबांची गाडी गेली. साहेबांनी हात केला, बाईंनीही केला. दहा मिनिटांनी गाडी परत आली. पुन्हा हात. मग पुन्हा गेली. मग कोलेतची पावाची गाडी, सकाळची फेरी झालेली असताना, हॉर्न वाजवत चार वेळा. मग ज्यांच्या गाड्या कोठारात कोंबड्यांच्या अंड्यांसाठी ठेवल्या आहेत असं बाई समजत होत्या, त्याही गाड्या पिसं उडवत आल्या.

"कोण गेलं गं?" बाईंनी कोलेतला ओरडून विचारलं. कुणीतरी मेल्याशिवाय एवढी माणसं रस्त्यावर येत नाहीत, म्हणून त्यांनी अ‍ॅप्रनही सोडला होता.

"कुणी नाही!" कोलेत खिडकीतून ओरडली आणि डोळा मारून गेली.

डोळा मारून! बाईंना काही उमजेना. जो येई तो त्यांच्याकडं बघून गोड हसे, अंगठा दाखवी आणि सुसाट जाई. संध्याकाळपर्यंत टेबलं धुळीनं पांढरी झाली, आणि कॅफेत मात्र चिटपाखरू नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते गास्पारचं. गास्पार म्हणजे तोच ट्रॅक्टरवर झोपलेला. एकटा जीव, बोलण्यावर फुटाण्याएवढाही खर्च न करणारा. अकरा वर्षं रोज बाराच्या ठोक्याला तो यायचा, टोपी खुंटीला लावायचा, खिडकीजवळ बसून बाई वाढतील ते जेवायचा आणि दोनला उठायचा. मंगळवारी तो आलाच नाही. बाईंनी त्याचं ताट मांडलं, रस्सा दोनदा गरम केला आणि शेवटी मांजराला घातला.

बुधवारी तर कहर झाला. तेवनेसाहेबांचा चुलतभाऊ परगावाहून गुरांचा ट्रक घेऊन आला. नुसता ट्रक नव्हे, आत गुरंसुद्धा. प्रत्येक फेरीला ती हंबरत होती. त्याच्यामागून लेओन्तीन आजी मातीची ढकलगाडी ढकलत चालल्या होत्या.

"आजी, कुठं?" बाईंनी विचारलं.

"फिरायला."

"ढकलगाडी घेऊन?"

"का? तिलाही हवा लागू दे की जरा."

आणि गास्पार नाहीच. गुरुवारी पाव देताना कोलेत सहज म्हणाली, "तुझा गास्पार काल दुपारी दिसला बरं का. ट्रॅक्टर घेऊन ला-रोशच्या बाजूला."

ला-रोश! तिथल्या कॅफेत जेवणाच्या पदार्थांचे रंगीत फोटो लावलेले आहेत. जे खाताना आपण काय खातोय हे फोटोवरून ओळखावं लागतं, अशा जेवणासाठी गास्पारनं अकरा वर्षांचं ताट सोडलं? बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी नादेजला फोन करायला रिसीव्हरसुद्धा उचलला. मग बाहेरून तेवनेसाहेबांची गाडी गेली, त्या दिवसातली कितवी कोण जाणे, आणि बाईंचं डोकं फिरलं. रिसीव्हर आपटून, हातातला रश्श्याचा डाव तसाच घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. परतीला गाडी आली. त्या हलल्या नाहीत.

"अगं आर्लेत, बाजूला हो!" साहेब कचकन ब्रेक दाबून ओरडले. "माझ्या अजून सहा फेऱ्या व्हायच्यात!"

"कसल्या फेऱ्या? वर्षभर माझ्या दारात येऊन एक कॉफी पीत नाही मेले, आणि नेमक्या याच आठवड्यात सगळ्यांना हवा खायची आठवण झाली होय? मुळावर उठलात का माझ्या?"

"मुळावर?" साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांना वाटलं, बाईंना भरून आल्यामुळं त्या असं बोलताहेत. ते गाडीतून उतरले आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी अभिमानानं उलगडला. "आम्हाला सगळं कळलंय. तू बोलली नाहीस, पण गाव काय झोपलंय का? हे बघ. आडनावांप्रमाणे पाळ्या लावल्यात. सकाळी सात ते संध्याकाळी सात. प्रत्येकी वीस फेऱ्या. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांनी जमेल ते चाक आणायचं. लेओन्तीन आजी तर काठी टेकून नळीवर उड्या मारते, ते वेगळंच. या खेपेला आकडा कमी पडला तर माझं नाव बदल! सकाळपर्यंत तेराशेच्या वर गेलाय."

आर्लेतबाईंच्या हातातला डाव खाली आला.

"तेवने," त्या म्हणाल्या. त्यांनी 'साहेब' म्हटलं नाही, एवढ्यावरूनच साहेबांना काय ते कळायला हवं होतं. "आकडा कमी यायला हवा होता."

"कमी म्हणजे?"

"कमी म्हणजे कमी! निवांत रस्ता हवाय त्यांना. सायकलवाल्यांसाठी. गाड्या नसलेला. दिवसाला पन्नासाच्या आत!"

साहेबांनी कागदाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मागून गुरांचा ट्रक आला, थांबला, आणि आतल्या एका गाईनं भलामोठा हंबरडा फोडला.

"पण…" साहेब चाचरत म्हणाले, "सरकार कधीपासून कमी मागायला लागलं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांना रडावं की हसावं ते कळेना. ही सगळी येडपट माणसं आपल्यासाठी आपलंच वाटोळं करत होती, आणि तेही इतक्या शिस्तीत, आडनावांप्रमाणे!

त्या संध्याकाळी कॅफे कधी नव्हे तो गच्च भरला. सगळे खाली माना घालून बसले होते. शेवटी तेवनेसाहेबांनाच सुचलं. त्यांच्या वडिलांनी चौऱ्याहत्तर साली जुनी गाडी विकायच्या आधी कोठाराभोवती दोन दिवस रिव्हर्समध्ये फिरवली होती, म्हणजे मीटरवरचे किलोमीटर कमी व्हावेत.

"झाले का कमी?" बाईंनी विचारलं.

"गाडी विकली गेली," साहेब म्हणाले. "जे पुढं जाऊन वाढलं, ते मागं जाऊन उतरणारच. साधं गणित आहे. जितक्या फेऱ्या सुलट, तितक्याच उलट. सोमवारी पेटीत शून्य."

हे ऐकायला बरं वाटलं. खरं सांगायचं तर बाईंना मनातून पटलं नव्हतं. पण सप्टेंबर डोळ्यांसमोर दिसत असलं, की माणूस रिव्हर्सवरसुद्धा विश्वास ठेवतो.

शुक्रवारपासून आमचं गाव उलटं चालायला लागलं. सकाळी सातपासून गाड्या ढुंगणाकडून यायच्या. चालवणारे सगळे उजव्या खांद्यावरून मान वळवून मागं बघत, एका हातानं सीटची पाठ धरून, नागमोडी. कोलेतची पावाची गाडी दोनदा चरात गेली आणि रस्त्यावर लांब पावांचा सडा पडला. ट्रकमधल्या गुरांना उलटं जाणं मानवेना, ती गप्प झाली. लेओन्तीन आजी ढकलगाडी ओढत उलट्या पावलांनी येत आणि नळीवर पाठमोरी उडी मारत. आर्लेतबाईंनीही आपली जुनी व्हॅन काढली, पहिल्याच फेरीत पाण्याचा हौद ठोकला आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. रविवार संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक माणसाची मान उजवीकडं धरली होती. कुणाशी समोरासमोर बोलायचं तर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहावं लागे.

गास्पार या दिवसांतही जेवायला आला नाही. बाईंनी ताट मांडायचं बंद केलं. विचारायला जायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जे माणूस आपणहोऊन जातं त्याला हाका मारून काय उपयोग, असं त्या मनाशी म्हणत, आणि बारा वाजले की तरीही दाराकडं बघत.

सोमवारी कचेरीच्या सेव्हरीनबाई यायच्या होत्या. तिशीच्या, अंगानं काटक, कामाला चोख. निवांत रस्ता बघायचा म्हणून त्या मुद्दाम सायकलवरून निघाल्या. दुपारी दोनच्या सुमाराला दफनभूमीच्या वळणावर त्या पोचल्या, तर समोरून नऊ गाड्या, एक गुरांचा ट्रक आणि एक म्हातारी, असा सगळा ताफा त्यांच्याकडं पाठ करून त्यांच्याच अंगावर येत होता. हिशोबातल्या शेवटच्या फेऱ्या उरकत होत्या. सेव्हरीनबाई सायकलीसकट नेटलच्या झुडपात गेल्या. खाजऱ्या पानांनी त्यांचे पाय लालबुंद झाले.

नळी आणि पेटी काखोटीला मारून त्या कॅफेत आल्या तेव्हा अडीच वाजले होते. त्यांच्यामागून सगळं गाव आत आलं आणि भिंतीला लागून उभं राहिलं, चाळीसेक माणसं, सगळी उजवीकडं बघत. सेव्हरीनबाईंनीही एकदा उजवीकडं पाहिलं. तिथं फक्त कोट टांगायची खुंटी होती.

"काही खायला मिळेल का?" त्यांनी विचारलं. "सकाळपासून पन्नास किलोमीटर झालेत."

"कॉफी मिळेल," आर्लेतबाई म्हणाल्या. "जेवण नाही. दोन वाजून गेले. चूल बंद." आपलं भवितव्य ज्या बाईच्या हातात आहे तिलासुद्धा दोननंतर जेवण नाही, यात गावातल्या कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

सेव्हरीनबाईंनी पेटी उघडली आणि आकडे उतरवून घेतले.

"दोन हजार सहाशे चौदा," त्या म्हणाल्या. "एकसष्ट वस्तीच्या गावात. एवढी वर्दळ तर आमच्या कचेरीच्या दारात नसते."

"वजा?" तेवनेसाहेबांनी आशेनं विचारलं.

"वजा काय?"

"नाही, काही नाही."

"मार्ग इथून नेता येणार नाही, मादाम ब्रोसार," सेव्हरीनबाई हळूच म्हणाल्या. "मला वाईट वाटतंय. त्या पत्रावरून मला वाटलं होतं… असो. ला-रोशवरून न्यावा लागेल."

आर्लेतबाईंनी मान हलवली. त्यांना ते गुरुवारीच ठाऊक होतं. त्यांनी कॉफीचा कप सरळ केला. गावातल्या एकाचीही वर बघायची हिंमत होईना.

"फक्त एक गोष्ट मला कळत नाही," सेव्हरीनबाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "बारा ते दोन. मी नऊ वर्षं गाड्या मोजते आहे. या जिल्ह्यात बारा ते दोनमध्ये रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, सगळे जेवायला बसलेले असतात. मोठ्या रस्त्यांवरही त्या दोन तासांत शून्य येतं. इथं बघा. मंगळवारी एक्केचाळीस. बुधवारी चव्वेचाळीस. रोज चाळीसच्या वर, काल रविवारीसुद्धा. आणि चाकांच्या अंतरावरून सगळं एकच वाहन."

"शक्य नाही," तेवनेसाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. "कागदावर जेवणाची सुट्टी आहे. आम्ही काय जनावरं आहोत?"

"ट्रॅक्टर दिसतोय," सेव्हरीनबाई म्हणाल्या.

गावात चालू स्थितीतला ट्रॅक्टर एकच. सगळ्यांना दाराशी उभ्या असलेल्या गास्पारकडं बघायचं होतं, पण माना वळेनात, म्हणून चाळीस माणसं पायांनी गोल फिरली. गास्पारचे कान लाल झाले होते. त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, हे बाईंना आत्ता दिसलं.

"गास्पार," आर्लेतबाई म्हणाल्या, "तू जेवणाच्या वेळेला ट्रॅक्टर चालवत होतास?"

"कागदावर दोन तास रिकामे होते," गास्पार म्हणाला. "म्हटलं, कमी पडायला नको."

"आणि जेवलास काय?"

"पाव. सॉसेज."

"कुठं बसून?"

"ट्रॅक्टरवर."

लेओन्तीन आजींनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"आठवडाभर?" बाईंचा आवाज चिरकला. "गरम काही नाही?"

"इंजिन होतं."

कुणी हसलं नाही. ज्या गावात लग्नाची बोलणी बारा वाजता थांबवून जेवण झाल्यावर पुढं सुरू करतात, ज्या गावात आग लागली तर आधी सूप संपवतात, त्या गावात एका माणसानं सात दुपारची जेवणं सोडली होती. कोलेतला एकदम रडू फुटलं.

"अरे पण एवढं कशाला, वेड्या?" बाई ओरडल्या. त्यांना राग आला होता की काय आलं होतं, त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं. "मला वाटलं तू ला-रोशला जातोस! फोटो बघून जेवायला!"

गास्पारनं टोपी काढून हातात धरली. अकरा वर्षांत त्यानं जेवढी वाक्यं वापरली नव्हती तेवढी त्याला आता एकदम लागणार होती, आणि ती कुठं ठेवली आहेत ते त्याला सापडत नव्हतं.

"तू लिआँला जाणार म्हणाले," तो म्हणाला. "मला लिआँ माहीत नाही. मला तूच माहीत आहेस. बाराला."

आर्लेतबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि काडी ओढल्याचा आवाज आला.

तेवनेसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आर्लेत! अगं तीनला तेरा मिनिटं कमी आहेत!"

"मला घड्याळ कळतं, तेवने!" आतून उत्तर आलं, आणि मागोमाग कढईत लोण्याचा चर्र आवाज. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा पेटवतेय. कुणाला त्रास होत असेल त्यानं बाहेर जावं. त्याआधी कुणीतरी मला कोंबड्यांकडनं अंडी आणून द्या. सगळी. आणि बटाटे सोला, नुसते खुंटीकडं बघत काय उभे राहिलात!"

माणसं धावली. कढईतून बटाट्यांचा, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा आणि कांद्याचा वास आला तसा लेओन्तीन आजींनी खुर्ची ओढली, मग बाकीच्यांनी. अठरा अंड्यांचं आम्लेट बाहेर आलं ते गास्पारपुढं. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. "खा. मंगळवारचं हे. बुधवारचं येतंय."

सेव्हरीनबाईंनाही ताट मिळालं. त्यांनी खाल्लं, पाव मागितला, पुन्हा खाल्लं. मग त्यांनी तोंड पुसून आकड्यांचा कागद एकदा पाहिला आणि झालेला सगळा प्रकार तेवनेसाहेबांकडून बैजवार ऐकून घेतला. रिव्हर्सचा भाग आला तेव्हा त्यांनी रुमाल तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले.

"ऑक्टोबरात पुन्हा नळी लावीन," त्या शेवटी म्हणाल्या. "असं करायची सोय आहे, मोजणीवर शंका असेल तर. आणि शंका तर मला भरपूर आहे. फक्त एक अट. कुणीही मदत करायची नाही."

"असं कसं?" तेवनेसाहेब म्हणाले. "थोडी तरी…"

"तेवने!" अख्खा कॅफे ओरडला.

"ऑक्टोबर म्हणजे सप्टेंबरनंतर ना गं," कोलेत हळूच म्हणाली.

आर्लेतबाईंनी कढई खाली ठेवली. हात पुसले. भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन त्यांनी नंबर फिरवला.

"नादेज? मी बोलतेय. नाही, बरी आहे. ऐक, सप्टेंबरात मी येत नाही. नाही गं, सायकलवाल्यांचं नाही ठरलं अजून. ठरेल नाहीतर ला-रोशला जाईल, जाऊ दे. कारण पाहिजे होतं ना? मिळालं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी खिडकीजवळच्या टेबलाकडं पाहिलं. "ते काय, आत्ता बुधवारचं जेवतंय."

फोन ठेवून त्या गास्पारपाशी आल्या. त्याचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं. त्यांनी ते उचललं, पुढचं वाढलं आणि दरडावून म्हणाल्या, "उद्या बाराला ये."

गास्पारनं मान हलवली. "ट्रॅक्टर दुरुस्तीला टाकावा लागेल. रिव्हर्स गिअर गेलाय."

"मग चालत ये," आर्लेतबाई म्हणाल्या. "ट्रॅक्टरचा आवाज नसला तरी चालेल. मी रस्ता बघत असते."